एकाच तळीतले विकतचे चणाक मासे मेले, मानशीतून आलेले जगले: हा बियाण्याचा फरक असेल का?

खाजनकर
नमस्कार मंडळी. आमच्या खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली) मानशीकडची, म्हणजे भरतीचं पाणी आत घेणाऱ्या दाराकडची, तळी मी आणि माझा चुलतभाऊ मिळून करतो. मानशीची पावणी, म्हणजे तिथे मासे धरण्याचा लिलावातला हक्क, आमच्याकडेच असते. गेल्या पावसानंतर आम्ही चणाकाचं सीड, म्हणजे पिल्लं, बाहेरच्या एका हॅचरीतून आणून सोडलं. सुरुवात चांगली होती. मग एके सकाळी काही पिल्लं पाण्याच्या वर तरंगताना दिसली, पोट वर, पण जिवंत. काही स्वतःभोवती गिरक्या घेत होती. अंग काळवंडलेलं, खाणं बंद. आठवडाभरात विकत आणलेली जवळजवळ सगळी गेली. तपासणीत नोडाव्हायरस नावाचा माशांचा विषाणू निघाला.

आता माझा प्रश्न. भरतीबरोबर मानशीतून आत आलेले नदीचे चणाकही याच तळीत होते. पाणी तेच, खाणं तेच. त्यातले थोडे मेले, पण बरेच जगले आणि आज धडधाकट आहेत. विकतच्या पिल्लांचे चेहरे मला आधीपासूनच एकसारखे वाटायचे. सगळी एका आईबापांची असावीत असा माझा संशय आहे. माशांच्या प्रतिकारशक्तीची जनुकं एकसारखी असली की रोग सगळ्यांना एकदम खातो, असं एका ठिकाणी ऐकलं. यात तथ्य किती? कोणाचा अभ्यास असेल तर सविस्तर लिहा. पुढचं सीड घेण्याआधी मला हे समजून घ्यायचं आहे.

म्हापशेकरीण
वाईट वाटलं वाचून. मेहनत आणि पैसा दोन्ही गेलं. एक विचारते, असे आजारी चणाक चुकून बाजारात आले तर खाणाऱ्याला काही होतं का?

सूक्ष्मजीव
म्हापशेकरीण ताई, नोडाव्हायरस माणसाला लागत नाही. तो माशाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात वाढतो, म्हणून तर त्या गिरक्या आणि ते दिशाहीन पोहणं. तरी मेलेला मासा खाऊ नये हे आहेच.

खाजनकर बाब, तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. जरा मुळापासून लिहितो.

माशाच्या अंगात विषाणू शिरला की पेशी त्या विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवते. हे दाखवण्याचं काम एमएचसी नावाची प्रथिनं करतात. पहिल्या वर्गाची एमएचसी पेशीच्या आतले तुकडे दाखवते, म्हणजे मुख्यतः विषाणूचे. दुसऱ्या वर्गाची बाहेरून गिळलेले तुकडे दाखवते, उदाहरणार्थ जिवाणूंचे. प्रत्येक एमएचसी प्रथिनाला एक खाच असते आणि त्या खाचेत ठराविक ठेवणीचेच तुकडे बसतात. ज्या माशाच्या खाचेत एखाद्या विषाणूचा एकही तुकडा नीट बसत नाही, त्याच्या टी पेशींना त्या विषाणूचा पत्ता उशिरा लागतो.

म्हणून निसर्गात या जनुकांचे प्रकार भरमसाट असतात, आणि बदल सर्वांत जास्त कुठे, तर त्या खाचेच्या भागात. एका माशाकडे मोजकेच प्रकार असतात, पण अख्ख्या नदीतल्या चणाकांत मिळून खूप. नवा रोग आला की कोणाच्या तरी खाचेत त्याचा तुकडा बसतो. ते मासे जगतात आणि पुढची पिढी त्यांच्यापासून होते. माशांतली ही जनुकं पहिल्यांदा १९९० साली कार्प माशात सापडली. आपल्यात पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. काटेरी हाडांच्या माशांत ती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, त्यामुळे दोन्ही वर्ग स्वतंत्रपणे बदलत गेले. मोरीत (शार्कमध्ये) मात्र आपल्यासारखी एकत्र.

पेडण्याचा_पाटो
म्हणजे हॅचरीत सगळी सगोत्र लग्नं लागली म्हणायची! 😀 माशांनीही गोत्र बघूनच सोयरीक करावी.

सूक्ष्मजीव
पाटो, हसू नका, काही मासे खरंच बघतात. युरोपात स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा काटेरी मासा आहे. त्याची मादी नराचा वास घेऊन जोडीदार निवडते, आणि त्या वासात एमएचसीशी निगडित रेणूंचा वाटा असतो. मौज अशी की ती सर्वांत जास्त वेगळेपणा शोधत नाही. होणाऱ्या पिल्लांत प्रकारांची संख्या मध्यम राहील असा नर तिला पसंत पडतो. परजीवी मोजून पाहिले तेव्हाही मध्यम संख्या असलेल्या माशांतच ते सर्वांत कमी निघाले.

कारणही समजण्यासारखं आहे. एका माशाच्या अंगात एमएचसीचे प्रकार फारच वाढले, तर स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू शकणाऱ्या टी पेशीही जास्त ओळखल्या जातात. टी पेशी जिथे घडतात त्या थायमस ग्रंथीत त्या काढून टाकल्या जातात, आणि उरलेली फौज तोकडी पडते. एका माशात बेताची विविधता आणि अख्ख्या समूहात भरपूर, असं हे गणित आहे.

चोडणकर
मला घाईने निष्कर्ष काढणं पटत नाही. खाजनकर बाब, तीन गोष्टी तपासा. एक, मानशीतून आलेले चणाक विकतच्या पिल्लांहून मोठे होते का? नोडाव्हायरस कोवळ्या पिल्लांनाच जास्त मारतो. दोन, नदीतल्या चणाकांनी हा विषाणू लहानपणीच अंगावर घेतला असेल. त्यातले कच्चे नदीतच मेले, कोणीतरी खाल्ले, तुम्हाला दिसले नाहीत. तळीत पोचले ते आधीच गाळून आलेले. तीन, विकतची पिल्लं पिशवीत ऑक्सिजन भरून, तासन्‌तास प्रवास करून आली. गोड्या-खाऱ्या पाण्याचा फरक, गर्दी. अशा थकलेल्या माशाला कुठलाही रोग धरतो. यात जनुकं कुठे आली?

खाजनकर
चोडणकर बाब, मुद्दे रास्त आहेत. आकार मिसळलेले होते. मानशीतून आलेले काही मोठे, पण विकतच्यांएवढेही बरेच होते, आणि त्यांतलेही जगले. प्रवासाचं म्हणाल तर पिल्लं सोडल्यावर बरेच दिवस उत्तम खात होती, मग आजार आला. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बीजवाली
मी मत्स्यविज्ञान शिकले आणि काही काळ हॅचरीत काम केलं आहे, म्हणून आतली बाजू सांगते. चणाकाची गंमत अशी की तो बहुधा आधी नर असतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून पिकतो, आणि पुढे सहा-आठ वर्षांचा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मादी हवी तर मोठा, वयस्क मासा सांभाळायला लागतो. त्याला खर्च आणि जागा दोन्ही लागतं. साहजिकच हॅचरीकडे माद्या कमी. आणि एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते, त्यामुळे एक-दोन माद्यांवर सगळ्या गिऱ्हाइकांची मागणी भागते. टाकीत दहा-वीस मासे सोडले तरी सगळे सारखे वीण देत नाहीत. बहुतेक पिल्लं थोड्याच आईबापांची निघतात.

पुढे आणखी एक चाळणी लागते. चणाकाची पिल्लं एकमेकांना खातात. आपल्यापेक्षा लहान असलेलं पिल्लू अख्खं गिळतात. म्हणून दर काही दिवसांनी आकारावारी वेगळी काढावी लागतात. तुम्हाला जो एकसारख्या आकाराचा लॉट मिळतो, तो एकाच वेगाने वाढलेल्या भावंडांचा असण्याची शक्यता बरीच. तुम्हाला ती एकसारखी वाटली यात नवल नाही, कारण ती तशी निवडूनच दिलेली असतात.

आता हिशोब बघा. एका नर-मादीच्या जोडीकडे एखाद्या जनुकाचे जास्तीत जास्त ४ प्रकार असू शकतात. त्यांची १ लाख पिल्लं झाली तरी त्यांत चारच. एमएचसीत बहुतेक प्रकार मुळातच दुर्मीळ असतात, आणि आईबाप कमी झाले की सर्वांत आधी दुर्मीळ प्रकार गळतात. समूह प्रत्यक्षात किती मोठा धरायचा याचं एक सूत्र आहे: नर गुणिले मादी गुणिले ४, भागिले दोघांची बेरीज. २० मादी आणि २ नर असतील तर १६० भागिले २२, म्हणजे सुमारे ७. बाहेरून २२ मासे दिसतात, पण अनुवंशाच्या दृष्टीने ७! आणि ११ नर, ११ मादी ठेवल्या तर तेच २२ मासे पुरे २२ भरतात. पहिल्या तऱ्हेत एका पिढीत साधारण ७ टक्के विविधता जाते, दुसऱ्या तऱ्हेत २ टक्क्यांच्या थोडं वर.

अलिबागचा_आगरी
चणाक म्हणजे आमचा जिताडा! आमच्याकडे शेततळ्यात खाडीतून पकडलेली पिल्लंच टाकायचे. आता ती मिळत नाहीत, म्हणून सगळे हॅचरीकडे वळले. बीजवाली ताईंनी छान समजावलं.

सत्तरीकर
कार्पमध्येही (रोहू-कटल्यासारख्या माशांतही) हाच घोटाळा आहे. हिरालाल चौधरींनी १९५७ साली इंजेक्शन देऊन कार्पची वीण करून दाखवली. त्याआधी बहुतेक सीड नदीतून गोळा व्हायचं. मग गावोगावी हॅचऱ्या झाल्या, फायदा प्रचंड झाला, पण बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं आपल्याच तळ्यातली पिल्लं वाढवून त्यांचीच वीण केली. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला, त्यात अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांचीच वीण) काळजी करण्याइतकं निघालं होतं. उलट भुवनेश्वरच्या मत्स्य संशोधन संस्थेने ‘जयंती’ रोहू तयार केला तेव्हा सुरुवातीलाच वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र आणले. पाया रुंद ठेवला आणि मग निवड केली.

रसायन_फोंडा
इथे एक उलटी बाजू मांडतो. विविधता विविधता म्हणत बसण्यापेक्षा रोगाला टिकणारा मासा निवडून वाढवणं जास्त व्यवहारी नाही का? नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये सालमनला आयपीएन नावाचा विषाणूजन्य रोग व्हायचा, पिल्लं ढिगाने मरायची. २००८-०९ च्या सुमारास कळलं की टिकणं आणि मरणं यातला बराचसा फरक २६ व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेमुळे पडतो. ते जनुक एमएचसीचं नाहीच. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचं ते असावं, आणि विषाणू पेशीत शिरायला त्याचाच आधार घेत असावा, असं एका अभ्यासात निघालं. त्या प्रकाराचे आईबाप निवडले आणि साथी कमालीच्या घटल्या. चणाकात असं काही केलं तर?

सूक्ष्मजीव
रसायन, उदाहरण एकदम चोख आहे आणि ते काम मोठंच आहे. पण त्याची पुढची गोष्टही आहे. काही वर्षांनी त्या प्रतिकारक सालमनमध्येही आयपीएनची साथ दिसली, कारण विषाणूत बदल झाले होते. सगळ्या माशांचा बचाव एकाच जागेवर अवलंबून ठेवला की विषाणूला तेवढं एकच कोडं सोडवावं लागतं. निवड जरूर करा, पण बाकीची विविधता राखून.

गप्पी माशांवरचा एक प्रयोग इथे लागू पडतो. त्यांच्या अंगाला चिकटणारा एक सूक्ष्म कृमी असतो. ज्या गप्पींकडे समूहात नवे, दुर्मीळ असे एमएचसी प्रकार होते त्यांच्यावर कृमी कमी वाढले. कारण कृमी नेहमीच्या प्रकारांना चुकवायला शिकलेला असतो. आज दुर्मीळ म्हणून फायद्याचा असलेला प्रकार उद्या सगळीकडे पसरला की परजीवी त्यालाही चुकवायला शिकतो. म्हणून कुठलाच एक प्रकार कायमचा ‘उत्तम’ ठरत नाही.

विहीरवाला
गप्पी म्हणजे आमच्या विहिरीत डासांसाठी सोडतात तेच ना? मूठभर सोडले होते, आता शेकडो आहेत. त्यांना तर काही होत नाही.

चोडणकर
विहीरवाला यांनी माझ्या मनातलं बोलून दाखवलं. त्याहून मोठं उदाहरण आपल्या प्रत्येक खाजनात पोहतंय: मोझांबिक तिलापिया. १९३९ साली जावा बेटावर हा आफ्रिकन मासा काही मोजका सापडला, आणि आशियात पसरलेला बराचसा तिलापिया त्याच मूठभर माशांचा वंशज मानला जातो. भारतात तो १९५२ साली आणला. पाया इतका अरुंद, तरी आज तो आपल्या काळुंदर, शेवटे या माशांना जागा देत नाही. विविधता इतकी निर्णायक असती तर तो कधीच संपला असता.

आणि कॉड मासा? २०११ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा एमएचसीचा अख्खा दुसरा वर्गच त्याने गमावल्याचं कळलं. तरी उत्तर अटलांटिकात तो लाखो वर्षं नांदतोय.

बीजवाली
चोडणकर बाब, कॉडने दुसरा वर्ग गमावला खरा, पण पहिल्या वर्गाच्या जनुकांच्या प्रती त्याने खूप वाढवल्या, शंभराच्या आसपास. शिवाय जिवाणूंचे ठरलेले अंश ओळखणाऱ्या टोल रिसेप्टरांची काही कुळंही त्याच्यात वाढलेली आहेत. एक दार बंद केलं तेव्हा बाकीची बांधून काढायला त्याला कोट्यवधी वर्षं मिळाली. हॅचरीतल्या चणाकाला दोन-तीन पिढ्यांत तशी सवड कुठून मिळणार?

तिलापियाचं मात्र मला मान्य आहे. तो उपजतच चिवट आहे. १९८८ च्या सुमारास भारतात माशांना व्रण पडणारा, बुरशीसारख्या जंतूचा रोग आला, त्यात मरळ, शेवटे अंगभर जखमा घेऊन मेले, पण तिलापियाला तो धरला नाही. तिथे जातीजातीतला फरक होता. आपण इथे बोलतोय ते एकाच जातीतल्या माशामाशांतल्या फरकाबद्दल. आणि तिलापियालाही त्याचा विषाणू भेटलाच. २०१४ साली इस्रायलमध्ये नोंद झाली, २०१८ साली भारतातूनही.

सुंगटकर
आणि आमची सुंगटं? त्यांना एमएचसी असते का?

सूक्ष्मजीव
नाही. कोळंबीला एमएचसी नाही, प्रतिपिंडं नाहीत, टी पेशी नाहीत. सगळी भिस्त उपजत प्रतिकारावर. म्हणून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आपल्या अर्थाने लस होत नाही, आणि सगळा भर रोगमुक्त बीजावर असतो. चणाकाचं तसं नाही. त्याला लस देता येते, आणि चेन्नईच्या सीबा या मत्स्यशेती संशोधन संस्थेने नोडाव्हायरसवर चणाकासाठी लस तयार केलेली आहे. पुढच्या वेळी हॅचरीत तिचीही चौकशी करा.

म्हापशेकरीण
बीजवाली ताईंचं वाचून एक गोष्ट मनाला लागली. मोठा चणाक म्हणजे मादी! आमच्याकडे चतुर्थी संपली की सगळ्यांना मोठाच चणाक हवा, डोकं कढीला, तुकड्या तळायला. म्हणजे नदीतल्या सगळ्या आया आपणच खातो?

बीजवाली
ताई, बरोबर ओळखलंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, पण चणाक पावसात वीण घालायला नदीच्या तोंडाशी उतरतो, आणि तिथे लहान जाळी लागलेलीच असतात. नदीत माद्या जितक्या जास्त, तितके एमएचसीचे प्रकार पुढच्या पिढीत जातात. मानशीतून खाजनकर बाबांकडे जी पिल्लं येतात ती त्याच साठ्यातली. तो साठा आटला तर हॅचरीलाही नवे आईबाप मिळणार नाहीत. दोन-तीन किलोचा खा. त्या मापाचे बहुतेक नर असतात, आणि तळायला तेच जास्त चांगले.

दिवाडीचो
बरें बरयलां सगळ्यांनी. देव बरें करूं.

खाजनकर
इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नावर येतो. पुढचं सीड घेताना मी नेमकं काय करू? दोन हॅचऱ्यांकडून थोडं थोडं घेऊन मिसळलं तर विविधता वाढेल ना?

बीजवाली
वाढेल, पण एकदम मिसळू नका. एकीकडचा रोग दुसरीकडच्या पिल्लांना लागेल. दोन्ही लॉट वेगळ्या हाप्यांत (जाळीच्या पिंजऱ्यांत) ठेवा, नोडाव्हायरसची पीसीआर तपासणी करून घ्या, आकार जुळवा आणि मग सोडा. हॅचरीला सरळ विचारा: या लॉटला किती माद्या, किती नर होते? ते नदीतले की तुमच्याकडेच वाढलेले? शेवटचे नवे ब्रूडर (विणीचे मासे) कधी आणले? जो मालक हे लिहून ठेवतो तो सांगतो, आणि त्याच्याकडूनच घ्यावं. आणखी एक कळकळीचं सांगणं: उरलेलं हॅचरीचं सीड दया येऊन नदीत सोडू नका. एका जोडीची हजारो भावंडं नदीत घालणं म्हणजे तिथली विविधता पातळ करणं.

चोडणकर
याला माझा पूर्ण पाठिंबा. मात्र आजाराचं कारण जनुकं होती की माशांचं वय आणि आधीचा संसर्ग, हे बोलून सुटणार नाही. खाजनकर बाब, मेलेल्यांचं काही ठेवलं आहे का?

खाजनकर
भावाने थोडी मेलेली पिल्लं फ्रीझरमध्ये टाकली होती, ती अजून आहेत. जगलेले तळीतच आहेत.

सूक्ष्मजीव
मग तुमच्याकडे खजिना आहे! एकाच तळीतले, एकाच साथीतले मेलेले आणि जगलेले मासे सहज मिळत नाहीत. जगलेल्यांच्या शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून घ्या. माशाला फारशी इजा होत नाही, पर परत वाढतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या कुपीत, शुद्ध इथेनॉलमध्ये. मेलेल्यांचेही तसेच. विकतचे आणि मानशीतले वेगळे ओळखता येत असतील तर तसं नोंदवा, लांबी लिहा. मग ओल्ड गोव्याच्या आयसीएआरच्या कृषी संशोधन संस्थेत किंवा ताळगावच्या विद्यापीठात जाऊन भेटा. आधी साध्या डीएनए खुणांवरून विकतची पिल्लं किती आईबापांची होती ते निघेल. तेवढं कळलं तरी तुमचा निम्मा प्रश्न सुटला. एमएचसीचं वाचन त्यानंतर. रक्त घेता आलं तर संसर्ग होऊन गेला का हे प्रतिपिंडांवरून कळेल, पण तो चोडणकर बाब म्हणतात तसा आधीचा की याच साथीतला, हे त्यावरून सांगणं कठीण.

खाजनकर
येत्या रविवारी भाऊ आणि मी बसतो. स्पिरिट चालेल का? ते घरात आहे.

सूक्ष्मजीव
स्पिरिट नको, त्यात मिसळलेल्या पदार्थांनी डीएनए खराब होऊ शकतो. संस्थेत आधी फोन करा, कुप्या आणि इथेनॉल तेच देतील.

बीजवाली
आणि कात्री प्रत्येक माशानंतर पुसून, ज्योतीवर धरून घ्या, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या कुपीत जाईल. कुपीत चिठ्ठी टाकाल ती पेन्सिलने लिहा. पेनची शाई अल्कोहोलात विरघळते.